ढगाचा दिवस

पाहुण्यांच्या जेवणाच्या खोलीत, शेगडीच्या वरच्या भिंतीवर, एक फोटो टांगलेला होता. नऊ वर्षांची एक मुलगी दगडांच्या राशीवर उभी आहे, नाक लाल, टोपी एका कानावर घसरलेली, दोन्ही हात वर, आणि मागे नुसता पांढरा ढग. चौकटीखाली आईच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'शिखरावर'.

फोटोतली मुलगी आता बारा वर्षांची होती. झाडावर, छपरावर, कुठंही सरसर चढायची म्हणून घरात तिला खार म्हणत. तिचे बाबा वाटाडे होते. डोंगर चढायला येणारी माणसं त्यांच्याच घरात वरच्या चार खोल्यांत उतरत, आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या मागे दोराला बांधून घेऊन वर जात. घरातल्या मुलाला नववं वर्ष पुरं झालं की बाबा त्यालाही शिखरावर नेत. खारीची पाळी झाली होती. आता धाकट्याची होती. तो गुबगुबीत, गोल आणि सतत कशावरून तरी गडगडत असायचा, म्हणून त्याचं नाव गोटी.

त्या आठवड्यात घरात एकच पाहुणे होते. ते जमीन मोजणारे होते, म्हणून सगळे त्यांना मोजणीकाका म्हणत. त्यांना समोरच्या उतारावर जायचं होतं आणि वाट ठाऊक नव्हती, तेव्हा खार त्यांना घेऊन गेली. काकांनी तिवई रोवली, तिच्यावर दुर्बीण बसवली, आणि आपलं काम झाल्यावर म्हणाले, "बघ हवं तर. पण हात लावू नकोस, नाहीतर माझी सकाळ फुकट जाईल."

खारीनं पाठीमागे हात बांधून डोळा लावला. एका टोकावर लोखंडी खांब दिसत होता. त्याला ताणून धरणाऱ्या तीन तारासुद्धा दिसत होत्या.

"तो कसला खांब?"

"शिखराची खूण. आम्ही सगळी मापं त्याच्यावरून घेतो."

"नवीन आहे?"

"माझ्या जन्माच्या आधीचा असेल." काका वहीत आकडे लिहीत होते. "मी विचारणारच होतो तुला. तुझ्या त्या फोटोत खांब कसा नाही?"

खारीनं पुन्हा डोळा लावला. खांबाच्या बरंच खाली, अलीकडे, डोंगराला एक फुगवटा होता. त्यावर दगडांची रास होती. ती रास तिला नीट ओळखता आली, कारण तिच्या डाव्या अंगाचा चपटा दगड तिनंच ठेवला होता.

त्या फुगवट्याला गावात खांदा म्हणत. गावातून वर पाहिलं तर खांदाच सगळ्यात उंच दिसे, त्याच्यामागचं डोकं दिसतच नसे. या उतारावरून दोन टोकं दिसतात हे खारीला माहीत होतं. पण मागचं टोक लांबच्या दुसऱ्या डोंगराचं आहे, असं तिला बाबांनी सांगितलं होतं, आणि बाबांनी सांगितलेलं तपासून बघायचं असतं हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"किती अंतर आहे मध्ये?" तिनं विचारलं.

काकांनी वही पाहिली. "उंचीत म्हणशील तर दोनशे ऐंशी मीटर." मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वही मिटली. "ऊन फार आहे. जाऊया खाली."

 वाटेत तिच्या डोक्यात तीन वर्षं उलटी फिरत होती. शाळेत तिनं 'माझी चढाई' असा निबंध लिहिला होता. बाईंनी तो वर्गात उभं राहून वाचायला लावला होता. बाई याच गावच्या. पाववाला तिला पाहिलं की म्हणायचा, "या, शिखरवाल्या बाई," आणि मिशीत हसायचा. तिला वाटायचं, कौतुकानं हसतोय.

घरी आई दोरीवरच्या चादरी काढत होती. मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. खारीनं सवयीनं दुसरी दोन टोकं धरली, आणि चादर दोघींमध्ये ताणलेली असतानाच विचारलं, "आई, मी शिखरावर गेले होते का गं?"

आईचे हात थांबले नाहीत. तिनं टोकं जुळवली, पुढं आली, खारीच्या हातातली टोकं घेतली. "मोजणीकाका बोलले वाटतं."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"अगं, मलाही तुझ्या बाबांनी तिथंच नेलं होतं, लग्न ठरल्यावर. वर्षभर मी माहेरी सगळ्यांना सांगत फिरले. कळलं तेव्हा तीन दिवस भाजीत मीठ घातलं नाही. मग झालं, गेलं."

दुसऱ्या वेळी खार यावर पोट धरून हसली असती.

"फोटोखाली तू लिहिलंयस. तुझ्या अक्षरात."

आईनं पुढची चादर ओढली. "धर," ती म्हणाली. खारीनं धरली नाही.

बाबा मागच्या खोपटात दोर तपासत होते. दोर तपासायचा तर तो डोळ्यांनी पाहून भागत नाही. वीत वीत करून सगळा बोटांमधून सोडायचा, म्हणजे आतून झिजलेली जागा बोटांना लागते. हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. आणखीही एक शिकवलं होतं, सगळ्यांत आधी : दोराला बांधलेल्या माणसानं विचारलं तर खरंच सांगायचं. दमला असलास तर दमलोय म्हण, पाय थरथरत असेल तर थरथरतोय म्हण. एकाच्या खोट्यानं दोराला बांधलेले सगळे खाली जातात.

"तुम्ही मला खांद्यावर नेलंत," ती म्हणाली.

बाबांची बोटं दोरावर थांबली. त्यांनी खोटं नाटक केलं नाही, एवढं खरं. "नऊ वर्षांच्या पोरीला पुढं नेता येत नाही, खारे. पुढं उभा कडा आहे."

"मग खांद्यावर आलोय असं सांगायचं."

"सांगणार होतो. तू त्या राशीवर चढलीस आणि इतकी हसायला लागलीस..."

"आधीच ठरवलं होतंत. त्या सकाळी खिडकीतून बघून म्हणालात, आज ढग चांगला आहे. मला कळलं नव्हतं ढग चांगला कसा असतो."

 खारीला आणखी एक आठवलं.

"आणि रास आल्यावर तुम्ही आधी दोर सोडलात. गाठ सोडलीत, दोर गुंडाळून पिशवीत ठेवलात, आणि मग म्हणालात, हे शिखर."

खोपटाबाहेर गोटी कशावर तरी आपटल्याचा आवाज आला आणि "काही नाही झालं" अशी त्याची आरोळी.

"परवा त्याला न्यायचंय," बाबा हळू आवाजात म्हणाले. "दोन महिने झाले, नवे बूट उशाशी घेऊन झोपतोय. तुलाही यायचंय, शेवटी चालायला कुणीतरी हवं. तू मोठी झालीस आता. त्याचा आनंद घालवू नकोस."

तू मोठी झालीस असं बाबांनी एक दिवस म्हणावं, याची ती किती वाट पाहत होती. ते असं येईल असं तिला वाटलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी बाबांनी खिडकीतून वर पाहिलं. ढग चांगला होता.

चढताना बाबा पुढं, गोटी मध्ये, खार शेवटी. गोटीची टकळी चालू होती. बाबा, अजून किती? बाबा, गरुडाला दम लागतो का? बाबा, वर गेल्यावर भूक लागली तर चालतं का? बाबा प्रत्येकाचं उत्तर देत होते. अजून एक तास. लागत असेल, पण सांगत नाही. चालतं. घसरडीच्या जागी त्यांनी गोटीला पाय कसा आडवा टाकायचा ते तीनदा दाखवलं, जराही न चिडता. माणूस तोच होता. तेच तर तिला सोसत नव्हतं. ते एखादे दुष्ट बाबा असते तर सोपं गेलं असतं.

लाल रंग फासलेल्या दगडापाशी वाट फुटत होती. बाबा डावीकडे वळले. उजवीकडची वाट ढगात गेली होती. तीन वर्षांपूर्वी खारीनं तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

मग दगडांची रास आली. डाव्या अंगाला तिचा चपटा दगड तसाच होता. सगळीकडे पांढरं. वारा एवढा की टोपीची टोकं फडफडत होती. बाबांनी हातमोजे काढले आणि कमरेच्या गाठीला हात घातला. गाठ गारठ्यानं घट्ट झाली होती.

पण गोटीला कुठला धीर. तो मागं वळला, गाल टोमॅटोसारखे, आणि म्हणाला, "ताई, हेच शिखर ना?"

खारीनं आपल्या कमरेकडे पाहिलं. दोर बांधलेला होता.

"नाही," ती म्हणाली. "हा खांदा आहे. शिखर अजून वर आहे, ढगात."

गोटी हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. "तू खोटं बोलतेस. तुला एकटीलाच फोटो हवाय."

"माझा फोटोसुद्धा इथलाच आहे."

"जळतेस तू. बाबा, सांगा ना तिला."

बाबांची गाठ अर्धी सुटली होती. त्यांनी मान वर केली नाही. गाठीची दोन्ही टोकं त्यांच्या बोटांत होती आणि एक हिसका दिला असता तर दोर मोकळा झाला असता.

"बाबा, गाठ सोडू नका," खार म्हणाली.  "तो दोराला बांधलेला असताना विचारतोय."

वारा जरा पडला आणि पुन्हा सुटला.  मग बाबांनी अर्धी सुटलेली गाठ परत आवळली, दोनदा ओढून पाहिली, आणि गोटीकडे पाहून म्हणाले, "ताई खरं बोलतेय."

गोटी रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. त्यानं राशीकडे पाहिलं, आपल्या नव्या बुटांकडे पाहिलं, आणि खाली बसला. बाबांनी पिशवीतून कॅमेरा काढला तर म्हणाला, "नको." खाऊ काढला तर म्हणाला, "भूक नाही." गोटीला भूक नाही, हे घरात पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

"तू अठरा वर्षांचा झालास की..." बाबा म्हणू लागले आणि मध्येच कॅमेरा परत पिशवीत ठेवू लागले. ते वचन आता कुणी घेणार नव्हतं.

उतरताना क्रम उलटा असतो. सगळ्यांत पक्का माणूस मागं राहतो, कुणी घसरलं तर वरून धरायला. म्हणून आता खार पुढं, गोटी मध्ये आणि बाबा शेवटी. लाल दगडापर्यंत ते तसेच उतरले. दोर कधी ताणला जाई, कधी सैल पडे, एवढंच.

दगडापाशी गोटी थांबला. त्यानं त्या दुसऱ्या वाटेकडे पाहिलं, मग मागं बाबांकडे पाहिलं. बाबांचं तोंड उघडलं होतं, उत्तर द्यायला तयार. गोटीनं मान फिरवली.

"ताई," त्यानं पुढं हाक मारली, "घर अजून किती लांब?"

खारीच्या मागं, गोटीच्याही मागं, दोर क्षणभर थांबला. तिला तो कमरेला जाणवला. तिनं वळून पाहिलं नाही. तिनं खालची वाट पाहिली, घसरडी पाहिली, आणि मनात नीट हिशेब केला.

"दीड तास," ती म्हणाली. "घसरडी ओली असेल तर दोन."

"नक्की?"

"नक्की."

गोटीनं पाय आडवा टाकला आणि तिच्या मागून उतरायला लागला.