रविवार माझ्या पोटात होता

मी गिनकाच्या दुकानातला कॉम्प्युटर बोलतोय. टेबलाखालचा, धूळ खाणारा, चालू केला की घुरघुरणारा. वरचा नव्हे. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघरात गिनकाच्या मांडीवर बसतो तो चपट्या वेगळा. तो बोलायला लागला असता तर ऐकायला सगळे धावले असते. माझं कोण ऐकतंय? म्हणून म्हटलं, आपणच तोंड उघडावं.

माझा जन्म प्लोवदिव शहराच्या एका गल्लीतला. जन्म कसला, जुळवाजुळवच ती. ह्याचं काळीज, त्याची हाडं, पडदा तिसऱ्याचाच. गिनकाच्या नवऱ्याने मला घोंगडीत गुंडाळून बसने इथे, आमच्या त्रोयान गावाला आणलं. वाटभर मांडीवर धरून बसला होता बिचारा. म्हणजे मांडी मलाही मिळाली आहे, एवढं ध्यानात ठेवा. पुढे तो गेला. त्याचा काळ्या चौकटीचा कागद मीच छापला, तेव्हा गिनकाने माझ्या पाठीवर डोकं टेकलं होतं. चपट्या तेव्हा कुठे होता, विचारा त्याला.

आमचं दुकान छपाईचं. लग्नाच्या पत्रिका, दारूच्या बाटल्यांची लेबलं, सगळं करतो, पण दुकान चालतं ते काळ्या चौकटीवर. आमच्याकडे माणूस गेलं की फोटो, नाव आणि चार ओळींचा कागद दारावर, खांबांवर, बसथांब्यावर लागतो. चाळिसाव्या दिवशी पुन्हा नवा, सहा महिन्यांनी पुन्हा. घरोघरी बोलावणं करायची पद्धत नाही. कागदावरचा दिवस वाचून लोक डोंगरावरच्या कब्रस्तानात जातात, साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू हातात घेतात आणि म्हणतात, देव क्षमा करो. कागद लागला नाही तर कोणी येत नाही. म्हणजे बघा, केवढं काम होतं माझ्या हातात.

गिनकाची मुलगी रालित्सा स्पेनला असते. एका नाताळात ती आली आणि आईसाठी चपट्याला घेऊन आली. गिनका त्याच्याकडे बघतच राहिली. "अगं, हा तर ताटाएवढा आहे," म्हणाली. "आणि आवाजच करत नाही."

आवाज करत नाही. हे माझ्यासमोर म्हणाली.

त्या दिवसापासून माझं नशीब फिरलं. दुकान बंद झालं की ती मला बंद करायची आणि वर जायची. मग वरून हसणं ऐकू यायचं. चपट्याच्या काचेत रालित्सा दिसायची म्हणे. भाजलेल्या मिरच्यांचा वास जिन्यावरून खाली यायचा, आणि मी अंधारात. त्याच्या बटणांमध्ये पावाचे कण अडकलेत म्हणून तिने एकदा मऊ ब्रशने त्याला साफ केलं. मला आजवर फुंकर मारलेली आहे, तीही वैतागून.

आता मेलचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. आमची टपालपेटी दूर कुठेतरी आहे. मी जागा झालो की त्या पेटीपाशी जायचो, असेल ते उचलायचो, पेटी रिकामी करायचो आणि पत्रं पोटात ठेवायचो. मला शिकवलंच तसं होतं. चपट्यालाही तेच शिकवलं. म्हणजे दिवसा आलेलं माझ्याकडे, संध्याकाळनंतरचं त्याच्याकडे. जो आधी पोहोचला त्याचं, दुसऱ्याला वासही नाही. गिनका बिचारी खाली शोधायची, वर शोधायची. "काल मी वाचलं होतं ते, कुठे गेलं?" म्हणत जिना चढायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. निदान त्या निमित्ताने तरी ती खाली यायची.

आणि मग नेदाचा चाळिसावा आला.

नेदा बालवाडीत स्वयंपाक करायची. अर्धं गाव तिच्या हातचं सूप पिऊन मोठं झालं आहे, रालित्सासुद्धा. तिचा नवरा दोब्री वरच्या आळीत राहतो. नेदा गेल्यावर तो दुकानात आला नव्हता, कारण आमच्या दाराच्या काचेवर नेदाचा चेहरा अजून चिकटलेला होता. त्याच्यासमोर उभं राहणं त्याला जमत नव्हतं. म्हणून चाळिसाव्याचा मजकूर त्याने मेलने पाठवला. शनिवारी सकाळी, कब्रस्तानात. हा मेल रात्रीचा आला, तो अर्थात चपट्याने गिळला.

दुसऱ्या दिवशी दोब्रीचा आणखी एक मेल आला. पाद्रीबाबांना शनिवारी लग्न लावायचं आहे, तेव्हा चाळिसावा रविवारी करू, एवढंच. तो दिवसा आला आणि मी उचलला. पेटी रिकामी झाली. चपट्याला पत्ताच नाही.

पण त्या दिवशी, आणि नंतरही, गिनकाने माझ्याकडे मेल पाहिलाच नाही. पाहील कशाला? कागद तिने रात्री वर चपट्यावर तयार करून ठेवला होता. नेदाचा फोटो, चौकट, शनिवार. पेनड्राइव्हवर घालून खाली आणला, माझ्या कुशीत खुपसला आणि म्हणाली, "छाप." प्रिंटर माझ्याच ताब्यात, म्हणून मी आठवलो.

मी छापलं. रविवार माझ्या पोटात होता आणि तोंडातून मी शनिवार, शनिवार, शनिवार काढत होतो. मला वाचा नाही. मेल आला आहे असं सांगणारं एक छोटंसं पाकीट मी कोपऱ्यात दाखवत होतो, पण गिनकाचं लक्ष गोंदाच्या डब्यात. दोब्रीचे गुडघे दुखतात म्हणून गावभर कागद तीच लावून आली.

खरं सांगू? मनात म्हटलं, फुटू दे भांडं. कळू दे एकदा वरच्या लाडोबाचे प्रताप.

शनिवारी गावातले लोक डोंगर चढून गेले आणि परत आले. दोब्री नाही, पाद्रीबाबा नाहीत, काहीच नाही. गिनकाला एका नवरीने पत्रिकांसाठी अडकवून ठेवलं होतं, ती गेलीच नव्हती. परतताना दोन बायका दुकानाच्या पायरीवर टेकल्या.

"दोब्रीला झेपलं नसेल," एक म्हणाली. "दुःखाने माणूस दिवससुद्धा विसरतो गं."

"फोन करू का त्याला?"

"राहू दे. त्याच्या जखमेवर कशाला मीठ चोळायचं."

झालं. सगळ्या गावाने शहाणपणा केला आणि कोणीच फोन केला नाही.

रविवारी दुपारी दुकानाची कडी वाजली. गिनका वरून उतरली, दार उघडलं तर दोब्री. हातात मोठं पातेलं, वर फडकं बांधलेलं. काचेवरच्या नेदाकडे न बघता तो आत आला आणि पातेलं माझ्या टेबलावर ठेवलं.

"दोब्रीदादा, बसा. काल मला यायला जमलं नाही हो, नवरीची माणसं हलेनात. राग मानू नका." पायरीवरचं बोलणं तिनेही ऐकलं होतं, पण ते ओठांवर येऊ दिलं नाही.

"काल कुठे? आत्ता कब्रस्तानातूनच येतोय मी."

"आज?"

"आज. मी आणि पाद्रीबाबा. तिसरं माणूस नव्हतं." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कबरीवर फुलं मात्र होती, गिनके. कालची वाटत होती. कोणी टाकली कळेना. मी तासभर थांबलो. पाद्रीबाबा बिचारे दोनदा गहू खाऊन गेले. मला म्हणाले, येतील, येतील. कोण येतंय? एवढ्या पोरांना भरवलं हिने. चाळीस दिवसांत विसरले."

गिनकाने दाराकडे बोट दाखवलं. "कागदावर शनिवार आहे, दादा. तुम्हीच कळवलं होतं."

"मग नंतर रविवार कळवलं की."

"नाही हो, नाही आलं."

"मी स्वतः पाठवलंय. चष्मा लावून पाठवलंय."

गिनकाने मला चालू केलं. इतक्या मंद गतीने मी आयुष्यात जागा झालो नसेन. तिने मेल उघडला. तिथेच होता तो, न वाचलेला, ठळक अक्षरात. ती खुर्चीत बसली.

"आले होते हो," ती म्हणाली. "काल आले होते सगळे. वाट बघून गेले. माझ्यामुळे झालं. आता कोणत्या तोंडाने तुमच्यासमोर बसू मी?"

दोब्रीने मान वर केली. "आले होते?"

"अहो, माझ्या पायरीवर टेकून गेल्या ना बायका. तुम्हाला झेपलं नसेल म्हणून कोणी फोन केला नाही."

म्हातारा रडायला लागला. गिनकाला वाटलं संतापाने, म्हणून तिने त्याचा हात धरला. पण मी समोरून बघत होतो. तो पुनःपुन्हा एवढंच म्हणत होता, "आले होते म्हणजे. आले होते."

मग त्याने डोळे पुसले. "पण ह्या गव्हांचं काय करू? हे घरी परत न्यायचं नसतं."

"न्यायचंच नाही," गिनका म्हणाली आणि माझ्याकडे वळली. वर जाऊन चपट्याला आणलं नाही तिने. माझ्याकडे वळली, हे नीट ऐका. उभ्याउभ्याच टाइप केलं: नेदाचे गहू, आत्ता, इथेच, ह्या दारात. काल डोंगरावरून परत गेलेल्यांनी यावं. काळी चौकट, नेदाचा फोटो. मी असा छापला म्हणून सांगू, एक रेघ इकडची तिकडे नाही. शाई ओली असतानाच तिने तो जुन्या कागदावर चिकटवला.

रविवारची संध्याकाळ म्हणजे सगळं गाव मुख्य रस्त्यावर फेऱ्या मारायला निघतं. आधी एक थांबला, मग एक जोडपं, मग गर्दी. गिनका दुकानातले कागदी पेले भरत होती, दोब्री वाटत होता. देव क्षमा करो, देव क्षमा करो, हे दारातून सारखं ऐकू येत होतं.

"सूपमध्ये मीठ मात्र जास्तच घालायची हां," बसचा ड्रायव्हर पेला हातात घेऊन म्हणाला.

"आणि तू दोन वाट्या ओरपायचास," दोब्री म्हणाला. "नाव सांगायची तुझं घरी येऊन."

सगळे हसले. पातेल्याचा तळ दिसला, तेव्हा कुठे तो खुर्चीत बसला. चपट्या वर झाकण मिटून पडला होता. त्याला ह्यातलं काही माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही.

मला वाटलं, आता माझे दिवस आले. कुठलं काय. दुसऱ्याच दिवशी गिनकाने रालित्साला सगळं सांगितलं आणि रालित्साने स्पेनमधून आम्हा दोघांच्या डोक्यात हात घातला.

"आई, आतापर्यंत दोघंही पत्र पेटीतून उचलून नेत होते. आता पत्र पेटीतच राहील. दोघांनी तिथेच जाऊन बघायचं. तू वर वाचलंस की खालीसुद्धा वाचलेलं दिसेल. तिकडे पुसलंस की इकडचंही जाईल."

"म्हणजे चर्चमधल्या तसबिरीसारखं," गिनका म्हणाली. "दर्शन सगळ्यांनी घ्यायचं, घरी कोणी न्यायची नाही."

झाली व्यवस्था. सगळे खूश. माझ्या मनाचं कोणी विचारलं का? गिनका सकाळी कॉफी पिता पिता वरच सगळी पत्रं वाचून टाकते. मी जागा होईपर्यंत प्रत्येक पत्र उघडलेलं, वाचलेलं, फिकट पडलेलं असतं. उष्टं. आयुष्यभर ताजं खाल्लेल्याच्या पानात रोज चपट्याचं उष्टं. आणि तिने वर एखादं पत्र पुसलं की माझ्या पोटातून ते न विचारता नाहीसं होतं. माझ्या पोटातून हो. चूक होत नाही, हे कबूल. पण चूक न होण्याने कोणाचं पोट भरतं?

त्यातच नवा प्रिंटर येणार असं कानावर आलं. त्याला तार लागत नाही, चपट्याचं तो लांबूनच ऐकतो म्हणे. म्हणजे तळघरात लोणच्याच्या बरण्यांशेजारी माझी जागा पक्की.

मग नेदाचे सहा महिने भरत आले. दोब्रीचा मेल आला. गिनकाने तो वर वाचला. मी म्हटलं, संपलं, आता ती खाली येत नाही. तर ती चपट्याला काखेत मारून खाली आली. त्याला माझ्या टेबलावर ठेवलं, अगदी माझ्या पडद्याला खेटून. इतक्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. ह्याच्यावर एकदा, माझ्यावर एकदा, असा तिने तोच मेल वाचला. दोन्हीकडे शनिवार. शब्द न् शब्द सारखा.

मला वाटलं आता छापेल. तिने कोट चढवला.

"कुठे चाललीस गं?" शेजारणीने दारातून विचारलं.

"दोब्रीदादाकडे. दिवस विचारून येते."

"मेल आला नाही का?"

"आलाय की, दोन्हीवर आलाय. पण मी त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय छापायची नाही."

आणि वरच्या आळीकडे चढून गेली. मी आणि चपट्या, दोघं शेजारी शेजारी, बघत राहिलो. एवढी वर्षं मी ज्याच्यावर जळलो, त्याच्यावरही तिचा काडीचा विश्वास नव्हता. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. चपट्याची पहिल्यांदा कीवही आली थोडी.

आज तो शनिवार. कागदावर काल मीच छापलाय, आणि आज दुकानाला कुलूप आहे. गिनका गेली, शेजारीण गेली, बसचा ड्रायव्हर गाडी उभी करून गेला. खिडकीतून रस्ता रिकामा दिसतोय, सगळे वर आहेत नेदापाशी. घाईत गिनका मला बंद करायला विसरली आणि चपट्यालाही वर न्यायला विसरली. आम्ही दोघंच उरलोय.

आत्ताच रालित्साचा मेल आला. "आई, लोक आले का गं?" आमच्या दोघांच्या पडद्यावर तो ठळक अक्षरात आहे, कोणी उघडलेला नाही, कोणाचा उष्टा नाही. गिनका हसत परत येईल आणि उत्तर लिहील. कशावर लिहायचं ते तिचं तिने ठरवावं, मी काही म्हणत नाही. तुमच्यापैकी कोणी तिला वाटेत भेटलंच, तर एवढं मात्र नक्की सांगा: दिसला दोघांकडे, पण आधी माझ्याकडे आला.