हायमसरांची मोजणी

भिंगारच्या त्या गल्लीत कुणाला 'मशिदीपाशी ये' असं सांगितलं, तर तो विचारतो, कोणत्या? एक कमरुद्दीनची, तिथं दिवसातून पाच वेळा माणसं जातात. दुसरी मलकाबाईंची. बेने इस्रायल म्हणजे आपले कोकणातून आलेले, मराठी बोलणारे ज्यू. ते आपल्या प्रार्थनाघराला पिढ्यान्‌पिढ्या मशीदच म्हणत आले. 'सिनेगॉग' हा शब्द फक्त दारावरच्या दगडात कोरलेला आहे, आणि तो वाचायला वर बघावं लागतं.

एके काळी इथं लष्करातले कारकून, एक गुरांचे डॉक्टर, दोन रेल्वेवाले अशी मिळून बावीस घरं होती. मग एकेक घर इस्रायलला गेलं. हायम मापगावकरांचा धाकटा भाऊ रूबेन पुण्याला गेला. त्यांचा स्वतःचा मुलगा तिकडं इस्रायलमधल्या लोद गावी गेला, तो आता मोबाईलवर दिसतो आणि आईला विचारतो, जेवलीस का. राहिले ते हायमसर आणि त्यांच्या बायको मलकाबाई.

त्यांच्यात नियम असा, की सगळ्यांची मिळून प्रार्थना करायची तर दहा पुरुष पाहिजेत. तेही आपल्यातले, वयात आलेले. मेलेल्या माणसासाठी म्हणतात त्या कद्दिशलाही दहाच लागतात. नऊ चालत नाहीत. एकट्या हायमसरांनी काय करावं? ते हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, पेटी वाजवायचे, आणि कीर्तन करायचे. हो, कीर्तन. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी आपल्या धर्मातल्या गोष्टींची मराठीत आख्यानं रचली होती, पेटी-तबला-झांजेसकट.

"बंद घरात आधी कबुतरं येतात आणि मग बिल्डर," असं म्हणून सरांनी तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं एक पाटी रंगवली: 'दर रविवारी सकाळी दहा वाजता. पेटी, तबला, चित्रकला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कीर्तन. विनामूल्य. सर्वांसाठी.' 'सर्वांसाठी'च्या खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

आणि माणसं आली. पुढच्या कोपऱ्यावर सायकलचं दुकान असलेला कमरुद्दीन तबल्याला बसला तो उठलाच नाही. बुद्धविहारात गाणारी गीताबाई झांज घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी सरांना म्हणाली, "सर, तुमचा आवाज चांगला हाय, पण ताल माज्याकडं ऱ्हाऊ द्या." गल्लीतली पोरं, त्यांच्या आया, पोस्टमन, सगळे यायचे.

हायमसर दारात उभे राहायचे आणि आत येणाऱ्यांवर एकेक बोट धरत काहीतरी पुटपुटायचे. त्यांच्यात माणसं एक-दोन-तीन अशी मोजत नाहीत. दहा शब्दांची एक हिब्रू ओळ आहे, ती म्हणायची, दर माणसामागं एक शब्द. ओळ पुरी झाली की दहा झाले. मलकाबाई आतून बघायच्या. सरांची ओळ चार-चार वेळा, पाच-पाच वेळा पुरी व्हायची. मग सर बोट खाली करून आत यायचे आणि पेटीचा भाता उघडायचे. आपण काय मोजतो हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मलकाबाईंनीही विचारलं नाही. काही गोष्टी नवऱ्याला विचारू नयेत, एवढं त्यांना लग्नात बरोबर मिळालं होतं.

कमरुद्दीनला मात्र ती ओळ ऐकून ऐकून पाठ झाली. दहा शब्दांतले तीन-चार त्याचे स्वतःचे होते, पण भरत दहाच.

मागच्या वर्षी सर गेले. पुण्याहून दोन गाड्या निघाल्या, त्यातली एक शिरूरपाशी बंद पडली. कबरस्तानात रूबेन धरून सात माणसं पोचली. माती दिली. कद्दिश झाली नाही. पुढं रूबेननं पुण्याच्या सिनेगॉगमध्ये रोज जाऊन भावासाठी ती म्हटली, अकरा महिने, एक दिवस चुकवला नाही. पण मलकाबाईंच्या मनात ते राहून गेलं. ज्या माणसानं तीस वर्षं हे दार उघडं ठेवलं, त्याच्यासाठी याच छताखाली एकदा, फक्त एकदा. त्यांना दुसरं काही नको होतं.

तेवढ्यात समाजाच्या पुण्याच्या ट्रस्टचं पत्र आलं. नगरला प्रार्थना होत नाही. तेव्हा तिथला सेफेर, म्हणजे चामड्याच्या गुंडाळीवर हातानं लिहिलेला पवित्र ग्रंथ, पुण्याला हलवावा. रविवारचे वर्ग खुशाल चालू ठेवावेत, हरकत नाही.

मलकाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. सेफेर गेला की ही मशीद उरत नाही. मग तो हॉल. त्यांनी रूबेनला फोन केला. "भावजी, न्यायला याल ते वर्षाच्या दिवशी या. रविवारच आहे. आणि येताना माणसं आणा."

"आणतो, वहिनी. दहा नाही, बारा आणतो. ट्रॅव्हलर सांगून ठेवतो."

त्या रविवारी सकाळी मलकाबाई आणि गीताबाई मागच्या खोलीत मलिदा करायला बसल्या. पोहे भिजवायचे, गूळ-खोबरं घालायचं, वर फळं मांडायची.

"सर असते तर आतापतुर दोन मुठी खाऊन झाल्या असत्या," गीताबाई म्हणाली.

"तीन. आणि वर मलाच म्हणाले असते, गूळ कमी पडलाय."

"आज किती मानसं येनार म्हनलं?"

"बारा."

"मग नारळ आनखी एक फोडते."

साडेनऊला गाडी आली. ट्रॅव्हलर नव्हती. लहानशी पांढरी मोटार होती आणि तिच्यातून रूबेन उतरला, त्याच्या मागून दोन म्हातारे. एकाच्या कानात यंत्र, दुसऱ्याच्या हातात काठी. मलकाबाई पायरीवर उभ्या राहून गाडीच्या दाराकडं बघत राहिल्या. दार लागलं.

"वहिनी," रूबेन जवळ येऊन म्हणाला, "अ‍ॅरनला काल रात्री दवाखान्यात नेला, दोघं त्याच्याजवळ आहेत. चौघं ठाण्याच्या लग्नाला गेले, मला सांगतायत आज सकाळी. बाकीच्यांचं काय सांगू तुम्हाला. गुडघे. मी फोन करून करून थकलो."

"म्हणजे तिघंच."

"तिघंच. सात कमी पडले."

कमरुद्दीन तबला लावत बसला होता. त्यानं हातोडी खाली ठेवली, उठला, आणि बाहेर सायकलवर टांग टाकून निघून गेला. मलकाबाईंना वाटलं, पान खायला गेला असेल.

वीस मिनिटांत तो परत आला. त्याच्यामागं माणसं होती. त्याचा पोरगा आसिफ जाळीची टोपी घालून. दुधाचा रतीब घालणारे कोंडीराम पांढऱ्या टोपीत. नेवाशाकडचा गोरक्षनाथ, जो बाजाराच्या दिवशी पेटी ऐकायला यायचा, तो पटका बांधून. पोस्टमन सुनील. सुनीलला डोकं झाकायला काही मिळालं नव्हतं, म्हणून त्यानं हेल्मेटच घातलं होतं. आणखी दोघांनी डोक्याला रुमाल बांधले होते, गाठ पुढं आली होती.

कमरुद्दीन दारात उभा राहिला, सर उभे राहायचे तिथंच. एकेकावर बोट धरून तो ती ओळ म्हणू लागला. आधी आतले तिघं म्हातारे मोजले. मग हे सहा. दहावा शब्द त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हटला.

"भरले, भाभी," तो म्हणाला. "दहा."

काठीवाल्या म्हाताऱ्यानं खाली बघितलं. रूबेननं खिशातून चष्मा काढला, पुसला, परत ठेवला. मग मलकाबाईंना खुणेनं पुढं बोलावलं, जिथं लाकडी कपाटात पडद्यामागं सेफेर असतो.

"वहिनी, हे होणार नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मी म्हणू शकत नाही. माझ्या भावासाठी आहे म्हणून तर अजिबात नाही. त्याच्या नावानं चुकीचं कसं करू?"

"मी कुठं म्हणतेय करा म्हणून."

रूबेननं कपाटाचा पडदा उगाच सरळ केला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "एक करता येईल. स्तोत्र म्हणतो. त्याला दहा लागत नाहीत, एकट्यानंही चालतं. हिब्रूच आहे. यांना काय कळणार? समाधानानं घरी जातील बिचारे."

मलकाबाईंनी वळून बघितलं. सातही जण भिंतीला लागून ओळीनं उभे होते, शाळेत तपासणीला उभे राहतात तसे. सुनीलनं हेल्मेटचा पट्टासुद्धा लावला होता. त्यांना वाटलं, हो म्हणावं. कुणाचं काय बिघडतंय? मीही डोळे मिटून घेईन, आणि मलाही वाटेल की झाली.

मग त्यांना कमरुद्दीनचं बोट दिसलं. ते अजून छातीवरच होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "त्यांनी ह्या माणसांना तीस वर्षांत एक सूर खोटा लावू दिला नाही."

त्या सातजणांपुढं येऊन उभ्या राहिल्या. सांगायचं कसं याची जुळवाजुळव केली होती, ती जागच्या जागी मोडली.

"तुम्ही आलात," त्या म्हणाल्या, "ते मी विसरणार नाही. पण आमच्यात ते दहा आमच्यातलेच लागतात. दुसरे चालत नाहीत. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही. तसं ठरलेलंच आहे, फार पूर्वीपासून. त्यामुळं आज ते होणार नाही."

कोंडीराम आधी समजले. "बरं बरं," ते म्हणाले, "ज्याचं त्याचं असतंय, बाई. त्यात काय." आणि टोपी काढावी की ठेवावी हे न कळून तशीच हातानं चाचपत राहिले. सुनीलनं हेल्मेट काढून काखेत धरलं.

कमरुद्दीननं छातीवरचं बोट खाली घेतलं. मग म्हणाला, "भाभी, एक विचारू?"

"विचार."

"सर तीस वर्षं या दारात उभे राहून आम्हाला मोजायचे. ते मग काय मोजायचे?"

मलकाबाईंनी तोंड उघडलं. उत्तर त्यांच्याकडं होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. दर रविवारी सरांची ओळ पाच वेळा पुरी व्हायची, आणि दर रविवारी ते बोट खाली करायचे तेव्हा त्यांच्यापाशी एकच माणूस असायचा. स्वतः.

"सवय होती त्यांना," त्या म्हणाल्या.

कमरुद्दीननं मान हलवली आणि तबल्याकडं गेला. कार्यक्रम म्हणजे कार्यक्रम. पोरं, बाया येऊन बसल्या होत्या.

कीर्तनाला त्या दिवशी मलकाबाई स्वतः उभ्या राहिल्या. सरांनी रचलेलं नवगावचं आख्यान होतं. त्यांचे पूर्वज समुद्रातून आले, नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, आणि सात पुरुष, सात बाया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांच्यात पिढीजात गोष्ट सांगतात. तुफानाचा भाग नीट गेला. कमरुद्दीन वाजवत होता, अगदी जसंच्या तसं, फक्त वर बघत नव्हता. सर असताना तो समेवर मान वर करून हसायचा.

'सात उरले वाळूवरती, सात तयांच्या नारी' इथं आल्या आणि मलकाबाई थांबल्या. पुढची ओळ येत होती त्यांना. शंभर वेळा ऐकली होती. पण सात हा आकडा आजवर त्यांनी कधी मोजून बघितला नव्हता.

गीताबाईला वाटलं, विसरल्या. वेळ निभवायला तिनं श्रोत्यांतून विचारावं तसं विचारलं, "मग जे बुडाले हुते, त्यांचं काय केलं वो त्यांनी?"

उत्तर मागच्या बाकावरून रूबेननं दिलं. "पुरलं. पुरुषांसाठी एक टेकाड केलं, बायकांसाठी एक."

"आनि ते तुमचं म्हनायचं? सातच तर हुते."

कानात यंत्र असलेल्या म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणतेय ती.

"नसेल म्हटलं," रूबेन म्हणाला. "म्हणता आलं नसेल."

मलकाबाई पेटीपाशी बसल्या, भाता भरला आणि एक पट्टी दाबून धरली. सूर सरळ राहिला, भाता संपेपर्यंत. मग त्यांनी आख्यान तिथंच सोडलं, आणि गीताबाईला मलिदा वाटायला सांगितलं.

बारा वाजता सेफेर निघाला. रूबेननं तो लेकरासारखा खांद्याशी धरला, वर मखमलीचं आवरण. आवरणाची किनार हायमसरांनी रंगवलेल्या नक्षीवरून मलकाबाईंनीच भरली होती. सगळे उठून उभे राहिले. कोंडीरामांनी टोपी काढली नव्हतीच. बाकीच्यांनी पुन्हा डोकी झाकली. सुनीलनं परत हेल्मेट घातलं. कुणी हसलं नाही. सातही जण गाडीपर्यंत गेले, दोन्ही बाजूंनी, आणि रूबेन मागच्या सीटवर बसेपर्यंत दार कमरुद्दीननं धरून ठेवलं.

"येतो, वहिनी," रूबेन आतून म्हणाला. "तुम्हीही चला ना पुण्याला. एकट्या काय करणार इथं?"

"पुढच्या रविवारी चित्रकलेचा वर्ग आहे," मलकाबाई म्हणाल्या.

गाडी वळली. आत कपाटाचा पडदा कुणीतरी नीट ओढून ठेवला होता, जणू मागं अजून काही आहे. माणसं पानांच्या द्रोणात मलिदा घेऊन एकेक करून बाहेर पडू लागली: पोरं, आया, गोरक्षनाथ, आसिफ. मलकाबाई दारात उभ्या होत्या. जाणाऱ्याला या म्हणायचं, एवढंच त्या करत होत्या. पण त्यांचं बोट आपोआप वर आलं, आणि ओठांवर ती ओळ आली. एक डोकं, एक शब्द. एकदा पुरी झाली. दुसऱ्यांदा सुरू झाली.

कमरुद्दीन तबल्याची गवसणी खांद्याला लावून सगळ्यांत शेवटी आला. त्याच्यावर बोट आलं तेव्हा तो थांबला. त्यानं ते बोट हातात घेतलं नाही, बाजूलाही केलं नाही. नुसता उभा राहिला.

"भाभी," तो म्हणाला, "मोजू नका."