ढकलगाडी हवी असल्याचा अर्ज

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी ढकलगाडी आहे. दोन फळ्या, एक दांडा आणि चार चाकं, त्यातली तीन गुणी आणि चौथं कुरकुरं. माझा मुक्काम तळघरात. आमची कंपनी वॉशिंग्टनजवळ, नदीच्या अलीकडे. बँका लोकांना घरासाठी कर्ज देतात, ती कर्जं आमची कंपनी विकत घेते, म्हणजे बँकेला पुढच्या कुटुंबाला घर देता येतं. कंपनीच्या पाठीशी सरकार उभं आहे. त्यामुळे पुढ्यात नियम उभे आहेत.

तरुणपणी मी फायली वाहिल्या. एकेक फाईल म्हणजे एकेक घर. चौथ्या मजल्यावर कागदपत्रं सांभाळणाऱ्या मिस व्हर्लीन टॉलिव्हर रोज सकाळी पहिली फाईल उचलण्याआधी डोळे मिटायच्या. त्या घरातल्या माणसांचं भलं कर, एवढंच मागायच्या. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. एकोणतीस वर्षांत त्यांचा हा नेम मोडलेला मी पाहिला नाही. अशा हातांनी ढकललं जायचं म्हणजे भाग्यच की!

पुढे फायली संगणकात गेल्या आणि मी तळघरात. वरून बोलावणं यायचं ते एकाच कामासाठी. कुणाची नोकरी गेली की त्याचा खोका न्यायला. माझं चाक कुरकुरलं की मजल्यावरच्या संगणकांची टकटक थांबायची, माना खाली जायच्या, आणि तो माणूस एकटाच मला ढकलत लिफ्टकडे निघायचा. मला फार अपराधी वाटायचं.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे तिकडच्या आभाराच्या सणाच्या, आधीच्या गुरुवारी सगळ्यांनी घरून काही करून आणायचं आणि एकत्र जेवायचं, असं ठरलं होतं. पण पुढच्या आठवड्यात कामावरून काढल्याची पत्रं येणार, अशी कुणकुण लागली. शेजारच्या खुर्चीवरचा माणूससुद्धा ईमेलनेच विचारायचा, तुला काही कळलं का म्हणून.

"या वर्षी जेवण राहू दे," विभागप्रमुख ग्रेचेन म्हणाल्या. "कुणाच्या घशाखाली उतरणार आहे?"

"माझ्या उतरेल," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "पत्र यायचं तर येईल. ते उपाशीपोटी कशाला घ्यायचं?"

खरं तर सगळ्यांत जास्त धास्ती त्यांनाच हवी होती. निवृत्तीला त्यांचे अकरा महिने उरले होते. तेवढे पुरे झाले, तर त्यांचा आणि आजारी नवऱ्याचा दवाखान्याचा खर्च कंपनी जन्मभर बघणार होती. मध्ये एका दिवसाचा खंड पडला, तरी सगळं मुसळ केरात.

गुरुवारी दुपारी त्या तळघरात आल्या. त्यांच्या मोटारीत मॅकरोनी-चीजचे दोन मोठे ट्रे, पालेभाजीचं पातेलं आणि पीचच्या फोडी घालून भाजलेला गोड कॉब्लर होता. माझा राखणदार विल्फ्रेडो याने संगणकावर गाडीचा अर्ज उघडला.

"फर्निचर हलवणे, कागद हलवणे, कर्मचारी कायमचा जाणे," त्याने कारणं वाचली. "जेवण नाहीये, मिस व्हर्लीन."

"मग कागद लिही."

"कागदाला सात दिवसांनी मंजुरी. जाणाऱ्याला गाडी लगेच मिळते. घालवायची घाई असते ना!"

"मग तेच कर. चीज गार होतंय."

"कोण जातंय, त्याचं नाव विचारतोय संगणक. ग्रेचेनबाईंना घालवू?"

"शुभ बोल रे! दुसऱ्या कुणाचं नको. माझंच टाक."

त्याने टाकलं. सगळं जेवण माझ्यावर चढवलं, त्यावर विल्फ्रेडोच्या बायकोने पाठवलेल्या पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या, ठेवल्या आणि आम्ही घमघमत निघालो.

चौथ्या मजल्याच्या काचेच्या दाराशी मिस व्हर्लीननी ओळखपत्र टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. लिफ्ट वर येईपर्यंत संगणकाने त्यांची एकोणतीस वर्षं संपवली होती आणि मिस व्हर्लीनच्या सेवेबद्दल आभाराचं पत्रही मजल्यावरच्या सगळ्यांना धाडलं होतं.

आत माझं चाक ऐकू गेलं. या वेळी मात्र कुणाची मान खाली गेली नाही. सगळा मजला दाराशी धावला.

"व्हर्लीन! तुलाच काढलं?" ग्रेचेनबाई रडत होत्या.

"काढतंय कोण? दार उघड आधी, हात भरून आले माझे."

ट्रेवर झाकलेला कागद निघाला, अर्जाची गोष्ट कळली, आणि काय हशा पिकला! पण ग्रेचेनबाईंनी मनुष्यबळ विभागाला फोन लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. चार वाजता दिवसाची नोंद बंद होणार होती. त्याआधी दुरुस्तीच्या कागदावर नऊ अधिकाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. नाहीतर मिस व्हर्लीन उद्यापासून नव्या कर्मचारी. सेवेत खंड.

मिस व्हर्लीन खुर्चीवर बसल्या.

"जेवायच्या वेळी सह्या कोण देणार?" कुणी तरी म्हणालं.

"जेवायच्या वेळीच देतील," विल्फ्रेडो म्हणाला आणि त्याने मला वळवलं.

मग सगळा मजलाच माझ्यामागून निघाला. कुणी कागदी ताटं धरली, कुणी चमचे. टेबल आलं की ताट पुढे, मागोमाग कागद.

"हे माझ्या अखत्यारीत नाही," सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले.

"नसेना का. आधी पुपुसा खा," विल्फ्रेडोने ताट सरकवलं. दुसऱ्या घासाला सही झाली.

आठव्या मजल्यावरचे मोठे साहेब आमच्यापैकी कुणी कधी पाहिलेच नव्हते. एकटेच टेबलाशी थंड सँडविच खात होते.

"कोण चाललंय?" त्यांनी दचकून विचारलं.

"कुणीच नाही, साहेब. म्हणूनच तर सही हवीय," मिस व्हर्लीन म्हणाल्या.

साहेबांनी कॉब्लर दोनदा घेतला, सही केली आणि ताटं धरून आमच्याबरोबर खाली आले. चारला पाच मिनिटं असताना ओळखपत्र दाराला टेकलं. हिरवा दिवा! अहो, तो जल्लोष! गार झालेली मॅकरोनी लोक बोटं चाटत खात होते.

पुढच्या आठवड्यात पत्रं आलीच. मिस व्हर्लीनना आलं नाही. ही बाई हवी, असं नऊ मोठ्या माणसांनी नुकतंच लिहून दिलं होतं. त्यांना काढायचं तर पुन्हा त्याच नऊ दारांत जावं लागलं असतं, तेही रिकाम्या हातांनी. कोण जातंय?

आमच्या मजल्यावरच्या लाईलला मात्र पत्र आलं. मी वर गेले. पण आता एकमेकांची ओळख झाली होती ना! खोका माझ्यावर, आणि लाईलचं रोपटं ग्रेचेनबाईंकडे, छत्री विल्फ्रेडोकडे, कॉफीचा कप मिस व्हर्लीनकडे. वीस माणसं मोटारीपर्यंत बोलत गेली. तिथल्या तिथे तिघांनी ओळखीतल्या नोकरीच्या जागा सांगितल्या. लाईल हसला, म्हणाला, "एवढी गर्दी तर माझ्या लग्नालाही नव्हती!"

मित्रांनो, तुमच्या वर्गातून, तुमच्या गल्लीतून कुणी जायला निघालं, तर तुम्ही आपल्या जागी बसून राहू नका. त्याच्या सामानातली एखादी हलकीशी वस्तू उचला आणि दारापर्यंत बरोबर चला. एवढ्यासाठी कुणाची सही लागत नाही.