गणपूर्तीची खुर्ची

अग्निशमन केंद्राच्या प्रमुखाचा पगार वाढवायचा की नाही, हे ठरवायला नगर समितीचे जेमतेम पाच सदस्य आले होते. त्यातली पाचवी म्हणजे प्रमुखाची सख्खी वहिनी. नात्यातल्या माणसाने मत द्यायचं नाही, हा नियम तिला पाठ होता. विषय निघताच ती पर्स उचलून उठली.

"अहो ताई, कुठे निघालात?" अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही गेलात तर गणपूर्ती मोडेल. मग हा विषय थेट पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षापर्यंत दीर थांबणार नव्हता. दूरच्या एका शहराने त्याला जास्त पगारावर बोलावलं होतं आणि उद्या त्याला होकार-नकार कळवायचा होता. सासूबाईंनी तर सकाळपासून अन्नाला हात लावला नव्हता.

ती मुकाट्याने खाली बसली.

"बसा बसा, फक्त हात मांडीवर ठेवा हं," पगारवाढीच्या विरोधातले एक दुकानदार सदस्य हसत म्हणाले.

ठरावाच्या बाजूने दोन हात वर गेले. विरोधातही दोनच. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. तिने बोटं घट्ट गुंफून धरली. ओठांवर देवाचं नाव होतं, पण त्याच्याकडे मागावं तरी काय, हे सुचेना.

"मतं समान. नियमाप्रमाणे ठराव पडला," अध्यक्ष म्हणाले.

बाहेर दीर वाट बघत उभा होता. तिचा चेहरा पाहूनच तो समजला.

"वहिनी, तुम्ही होतात ना आत?"

"होते, भाऊजी. खुर्ची भरायला."

घरी आईला कुणी सांगायचं, हे न ठरवताच दोघं चालू लागले.