मधले पंधरा दिवस

नवा मालक फोनवर इतकं गोड बोलत होता की तो आपल्या पोटावर पाय देतोय हे आधी तिच्या लक्षातच आलं नाही.

"ताई, लॅबला रंग द्यायला काढलाय. एक तारखेऐवजी सोळाला या. तेवढीच विश्रांती. तुमच्या अवस्थेत बरंच की!"

ती दात बनवायची. कवळ्या, टोप्या, मेणाचे साचे. जुनी लॅब तळघरात होती, खिडकी नावाला नाही. दिवस गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, त्या रसायनांच्या वासात बसू नकोस. तिनं जुन्या मालकाकडे हवा बाहेर फेकणारा पंखा मागितला, तर तो म्हणाला, "बाकीच्या बायकांना बरं चालतं!" म्हणून पाचव्या महिन्यात तिनं दुसरी नोकरी शोधली. पोटात बाळ आहे हे नव्या मालकाला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

राजीनामा देण्याआधी ती कामगारांच्या विमा कार्यालयातही जाऊन आली होती. तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "नोकरी खुशाल बदला, पण मध्ये खंड पडू देऊ नका. एकीकडून सुटलात की लगेच दुसरीकडे नाव लागलं पाहिजे. नाहीतर विमा तुटतो. मग नव्यानं सुरू होतो, आणि नव्या विम्यात पहिलं वर्षभर बाळंतपणाच्या रजेचा पगार मिळत नाही."

फोन ठेवल्यावर तिला ते आठवलं आणि तिनं बोटांवर मोजलं: जुनी नोकरी महिनाअखेर सुटणार, मध्ये पंधरा दिवसांचा खंड.

सासूबाईंना मात्र आनंद झाला. "बरं झालं. पंधरा दिवस पाय वर करून पड."

"पडते ना! मग बाळ झाल्यावर सगळेच पडून राहू, उपाशी."

नवरा बस चालवायचा. दिवसभर रस्त्यावर भांडणं ऐकून घरी त्याला शांतता हवी असायची. "नवी नोकरी आहे," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी मालकाशी कशाला वाकडं घ्यायचं?"

"त्याच्याशी नको, माझ्याशी घे. तुझ्या एकट्याच्या पगारात चौघांचं भागणार आहे का? की बाळाला बसची तिकिटं भरवू?"

त्यानं तिला पाण्याचा पेला आणून दिला. तिनं तो घेतला, पण आभार मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं मन मारून जुन्या मालकाला विचारलं, अजून पंधरा दिवस राहू का? तो हसला. "तुझ्या जागी माणूस ठेवला की. मोकळी हवा हवी होती ना? घे आता पोटभर!"

तिच्या हातात कुणाची तरी कवळी होती. ती त्याच्या टाळक्यात घालावीशी वाटली. तिनं ती पुसून जागेवर ठेवली. तिनंच घडवली होती ती.

मग तिनं नव्या मालकाला फोन करून विम्याचं सगळं सांगितलं. "निदान माझं नाव तरी एक तारखेपासून लावा."

"बघतो हं, ताई," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही.

एक तारखेला ती आपल्या हत्यारांची पेटी घेऊन नव्या लॅबच्या दारात उभी राहिली. आत रंगाचा वास नव्हता. शिडी नाही, डबे नाहीत, भिंती होत्या तशाच. सगळी माणसं खाली मान घालून काम करत होती, यंत्रं घरघरत होती.

मालक काचेच्या खोलीतून लगबगीनं आला. "अहो, सोळा ठरलं होतं ना?"

"तुम्ही ठरवलं होतं. करारावर एक तारीख आहे आणि खाली सही तुमची. रंग कुठंय?"

"पुढं ढकललं. ताई, जरा हळू बोला."

"का? पोटातल्याची झोपमोड होईल म्हणून? परत पाठवायचंय ना, मग तसं लिहून द्या. गरोदर आहे म्हणून घेतलं नाही, एवढंच लिहा. मी ते घेऊन थेट विमा कार्यालयात जाते."

यंत्रं एकेक करून थांबली. मालकानं मागं पाहिलं, घाम पुसला. "गैरसमज झाला तुमचा," असं पुटपुटत तो आत गेला. दुपारपर्यंत तिचं नाव लागलं. तिनं विमा कार्यालयातल्या बाईंना फोन करून खात्री करून घेतली तेव्हा कुठं पेटी उघडली.

मेणाची पहिली दाढ बिघडली. शेजारच्या टेबलावरची बाई, वयानं थोडी मोठी, तिच्याकडे न बघता हळूच म्हणाली, "मलाही रंगच सांगितला होता. धाकटीच्या वेळी. मी आपली घरी बसले. वर त्यांचे आभार मानले."

"आणि रजेचा पगार?"

"कसला पगार? तीन आठवड्यांची बाळंतीण कामावर आले. दूध गळून कामाचा झगा भिजायचा, इथंच, याच खुर्चीवर."

ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. काचेपलीकडे मालक कुणाशी तरी फोनवर गोड बोलत होता.

"उद्या जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर विमा कार्यालयात चला," ती म्हणाली.

"आता काय उपयोग? पोरगी शाळेत जाते."

"पगार मिळेल न मिळेल. पण त्यानं काय केलं ते तिथल्या बाईंना सांगायचं. तुमच्या तोंडून."

शेजारच्या बाईनं हातातली कवळी यंत्रावर घासून पुरी केली. मग तिनं यंत्र बंद केलं. "उद्या कशाला?" ती उठून झगा काढत म्हणाली. "आजच जाऊ."