अकराव्या कागदावरचा तडा

"काका, तुमचं बोट या मशीननं खाल्लं का हो?"

तेजश्रीनं विचारलं आणि दाराआड तिच्या वर्गातले सायली न् हर्षल फिस्सकन हसले. पैज त्यांनीच लावली होती. गेल्या वर्षी हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, ती तेजश्री नववीत आल्यापासून एकही पैज सोडत नव्हती.

दिवाकरकाकांनी डाव्या हाताचं अर्धं बोट वर केलं. "अर्धंच खाल्लं. उरलेलं त्याला आवडलं नाही. चला, ठसा आणा इकडे!"

गंगापूर रोडमागच्या बोळात काकांचा छापखाना. पायानं चालणारं त्यांचं ट्रेडल छपाईयंत्र बारा वर्षं झाकून पडलं होतं. शाळेच्या अंकाचं मुखपृष्ठ छापायला म्हणून त्यांनी ते पुसलं, तेल घातलं. घरचे म्हणत, भंगारात द्या. काका म्हणत, "एवढं पोरीचं काम होऊ दे. हात राहिलाय की गेलाय, ते यावरच कळेल."

ठसा म्हणजे सागाची फळी. नामपूरला मामाच्या कांदाचाळीवर बसणारं घुबड तेजश्रीनं महिनाभर खपून त्यावर कोरलं होतं. गेल्या रविवारी एक प्रत काढून पाहिली, झकास आली. "शाई टर्पेंटाईनच्या फडक्यानं पूस, पाणी लावू नको," काकांनी बजावलं होतं. पण त्या वासानं तिचं डोकं दुखलं. मग आई पोळपाट घासते तसा तिनं ठसा नळाखाली खसाखसा घासला आणि गच्चीत कडक उन्हात उभा केला. फळी केसभर वाकली. ते तिला दिसलं होतं. म्हटलं, मशीन दाबेलच की!

काकांनी ठसा लोखंडी चौकटीत आवळला, पायानं मशीन चालू केलं. शाईचे रूळ खाली-वर, कागद आत, कागद बाहेर. दहा घुबडं एकापेक्षा एक.

अकराव्याला कट्ट आवाज झाला.

घुबडाच्या चोचीपासून पंजापर्यंत पांढरी रेघ. ठसाच तडकला होता. काकांनी चौकट सैल केली, ठशाखाली कागदाची घडी घातली, पुन्हा दाबून पाहिलं. रेघ रुंदावली.

"मीच जास्त आवळलं," काका हाताकडे बघत म्हणाले. "पूर्वी बोटांना कळायचं, कुठं थांबायचं ते. चुकलं माझं, बाळा. उद्या सकाळीच भंगारवाल्याला बोलावतो."

'काका, पाणी...' एवढेच दोन शब्द. पण कुणालाही काहीही विचारणाऱ्या त्या पोरीची दातखीळ बसली. काकांनी ट्रेडलवर चादर ओढली. सायलीनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. "चल गं, मोबाइलवर फोटो काढू, झेरॉक्स मारू."

घरी बाबा अंबडच्या कारखान्यातून ड्यूटी करून आलेले, आईनं पानं वाढलेली. सगळं ऐकून आई म्हणाली, "रडतेस काय? दुसरा कोर."

"दुसरा कोरीन गं. पण काकांना वाटतंय, त्यांचा हातच गेला!"

बाबा वरणभात कालवत म्हणाले, "वय झालं त्यांचं. चालायचंच."

तेजश्री ताटावरून उठली.

"नाही चालायचं. मी काकांकडे जातेय. आत्ता. ठसा मी पाण्यात घातला, वाकलेला दिसत होता तरी दिला, सगळं सांगणार आहे. रागावले तर रागावू देत. आणि बाबा, 'सकाळी जा' म्हणू नका. सकाळी भंगारवाला येतोय."