सोमवारचा सांगावा

रामकिसननं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वहाणा काढल्या, एकीवर एक ठेवून भिंतीकडे सरकवल्या आणि तो दारात उभा राहिला. आत सगळे चपला घालूनच वावरत होते.

संगणकामागं बसलेल्या सत्यशीलानं त्याला पाहिलं आणि तिची बोटं थबकली. तो येईल असं तिला आठ दिवस वाटत होतं. तो येऊ नये, असंही आठ दिवस वाटत होतं.

“या मामा, आत या.”

“पाय धुळीचे हायेत, ताई.”

“असू द्या. या वर्षी कुणाचे नाहीत?”

तो खुर्चीच्या अगदी कडेला टेकला, जणू खुर्ची दुसऱ्याच कुणाची होती आणि तो माणूस आत्ता येणार होता. सत्यशीलानं जारखाली ग्लास धरला, भरला, त्याच्यापुढं ठेवला. वस्तीवरून वैजापूरपर्यंत जीपनं, पुढं एसटीनं, आणि स्टँडवरून इथवर पायी आलेला माणूस. ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. त्यानं ग्लास बोटानं हलकेच बाजूला सारला.

“नको. आवसेपतुर नाय.”

दुसऱ्या कुणी कारण विचारलं असतं. सत्यशीलानं विचारलं नाही. तीही सोयगावकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातलीच. पाण्याचा सांगावा जो धाडतो, तो शेवटचं मेंढरू प्यायल्यावर पितो. आणि ज्याच्या सांगाव्यावर कळप चालत आला अन् कोरड्या हौदापाशी पडला, तो अमावास्येपर्यंत परक्या हातचं पाणी घेत नाही. तिच्या आज्यानं एकदा असे बारा दिवस काढले होते. त्या बारा दिवसांत आजा कुणाच्या ओसरीवर चढला नव्हता.

“वस्तीच्या कागदावरून मह्यं नाव काढा म्हणायला आलो,” रामकिसन म्हणाला. “आता मागणी दुसरं कुणी लिहील.”

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिथं प्रमोदिनीताई फोनवर बोलत होत्या. बँकेतून निवृत्त होऊन त्यांनी गावांना टँकर पुरवणाऱ्या या संस्थेचं काम अंगावर घेतलं होतं, आणि पहिला नियम घालून दिला होता तो हाच: टँकरची मागणी मेलवर पाठवायची. लेखी असलं म्हणजे भांडण नाही. मग गावोगावची माणसं तालुक्याच्या संगणकाच्या दुकानात रांगा लावू लागली. रामकिसन मार्केट यार्डासमोरच्या एका दुकानात बसून एकेक अक्षर शोधत टाइप करायचा. चाळीस घरांच्या वस्तीत तेवढं येणारा तो एकटाच. शहराच्या बायपासला दर महिन्याला एक नवी इमारत उभी राहत होती, तिच्या दारात टँकर न मागता उभे असत. रामकिसनच्या वस्तीला मात्र एकेका टँकरसाठी चौदा किलोमीटर जाऊन अक्षरं वेचावी लागत.

त्याचे मेल बिनविषयाचे असायचे. नुसता मजकूर. संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसानं सत्यशीलाला दाखवून दिलं होतं, की आलेला मेलसुद्धा उघडून त्यात बदल करता येतो, जतन करता येतो. विषयाच्या जागी गावाचं नाव घाला, म्हणजे शोधायला सोपं. तिनं तसं सुरू केलं. मग एका बैठकीत विश्वस्तांपुढं एक मेल वाचला गेला. ‘जित्राबं तळमळतेत, माणसाचं काय सांगू’ या ओळीवर कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, कौतुकाचंच होतं. पण सत्यशीलाची कानशिलं तापली. त्या दिवसापासून ती विषयाबरोबर मजकूरही नीटनेटका करू लागली. आपल्या माणसांना कुणी हसू नये म्हणून. बैठकीच्या आधी लेकरांची तोंडं पुसावीत तशी.

आणि मग तो शनिवार आला. रामकिसनचा मेल तिनं वाचला होता. वाचला की ठळक अक्षरं बारीक होतात, आणि बारीक झालेलं काम झाल्यासारखंच वाटतं. त्यावर आणखी चाळीस मेल आले. सोमवारच्या यादीत वस्तीचं नाव गेलंच नाही. मंगळवारी सकाळी रामकिसनचा फोन आला, प्रमोदिनीताईंनी घेतला आणि आतून हाक मारली, “सत्यशीला, हे म्हणतायत सोमवारी मागितला होता टँकर. बघ गं जरा.” चहाचा कप ठेवून त्या उठेपर्यंतचा वेळ. तेवढ्या वेळात तिनं मेल उघडला, एक वार खोडला, दुसरा लिहिला आणि जतन केला. रोज करत होती तेच बोटांनी केलं.

“यांच्या मेलमध्ये गुरुवार आहे, ताई,” ती म्हणाली होती.

ताईंनी फोन स्पीकरवर टाकून तेच त्याला सांगितलं होतं. मग रामकिसन म्हणाला होता, “असंल बाई. मह्या हातून झालं असंल.”

टँकर त्याच संध्याकाळी पाठवला गेला. तोवर अकरा मेंढरं गेली होती.

“कडूबाभाऊ काय म्हणतात?” सत्यशीलानं आता विचारलं. विचारायला नको होतं, पण गप्प बसणं त्याहून अवघड होतं.

“बोलतच नाय. सख्खा भाऊ हाय, पण भिंतीसंगं बोलतो, मह्यासंगं नाय.” तो कसनुसा हसला. “वैनी तेवढी बोलती. राजाबाईचं तोंड तुम्हाला ठावं नाय. म्हणती, भावजी, तुमी मेल केलाच नव्हता. दुकानात बसून भजे खाऊन आलते. आता तिला काय सांगू, भज्याचं दुकान त्या बाजूला नायच!”

सत्यशीलाला हसू आलं नाही.

“म्हणून एक काम होतं,” तो पुढं सरकला. “त्यो मेल कागदावर काढून द्या. गुरवार तर गुरवार. चुकीचा का व्हईना, केला तर होता, एवढं तर कडूबाला दिसंल. खोटारडा म्हणण्यापरीस येडा म्हणलेलं बरं.”

तिनं मेल उघडला. छपाईयंत्र कुरकुरलं, थांबलं, कागद बाहेर आला. तो त्यानं दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि ओठ हलवत वाचू लागला.

“‘मेंढ्या गोदाकाठाहून परत येत असून, गुरुवारी वस्तीवर पाण्याची आवश्यकता आहे.’” तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. “लई झ्याक लिहिलंय. मास्तरावानी.”

सत्यशीला संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली.

“पण ताई, हे मह्यं नाय.”

“म्हणजे?”

“मी लिहिलं होतं, मेंढरं गंगेवरून निघालीत. दोनशे जीव हायेत. तीन दिवस मह्या सांगाव्यावर चालतेत. दारात पाणी नसलं तर त्यांला तोंड कसं दाखवू.” त्यानं मान हलवली. “ते कुठं गेलं?”

“भाषा मी नीट केली, मामा. सगळ्यांच्याच मेलची करते. वरच्या लोकांपुढं जातं ना, म्हणून.”

“हां, हां. बरं केलं.” त्यानं कागदावरून अंगठा फिरवला. कुठलं जित्राब कुठं दुखतंय ते चाचपावं, तसा तो अंगठा ओळीवरून चालला आणि एका शब्दापाशी थांबला.

“बोली तुमी बदलली,” तो हळूच म्हणाला. “अन् वार?”

आत प्रमोदिनीताई कुणाला तरी पत्ता सांगत होत्या, डावीकडे वळा, मग पुन्हा डावीकडे. सत्यशीलानं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग मान खाली घालून ती म्हणाली,

“तोही.”

रामकिसन ओरडेल असं तिला वाटलं. त्यानं ओरडावं असंही वाटलं. आठ दिवस खांद्यावर घेतलेलं ओझं कुणी अचानक उचललं की माणूस कसा तोल शोधतो, तसा त्यानं एक हात टेबलाला लावला.

“म्हंजी मी सोमवारच लिहिला होता.”

“हो.”

“मला रोज राती वाटायचं, आता मह्यं डोस्कं चाललं. आज वार चुकला, उंद्या मेंढरू अन् कुत्रं एक दिसंल.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. “कामून केलं असं?”

“विसरले होते मी. भीती वाटली.”

“हां,” तो म्हणाला. भीती त्याला ओळखीची होती. “आता पयल्यासारखं करता येतं का ते?”

“नाही. माझ्याकडे नाही राहिलं.”

त्यानं कागदाची घडी घातली. एक, मग दुसरी. बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

“मामा, तो नका नेऊ. मी ताईंना सांगते. कडूबाभाऊंना फोन करते.”

“गप ऱ्हावा.” तो आतल्या दाराकडे बघून आणखी हळू बोलू लागला. “तुमी आपल्यातल्या. इतक्या वर आपली एकच लेक बसली हाय. तुमची खुर्ची गेली तर तिथं येणाऱ्याला वस्ती कुठं अन् नदी कुठं, हे बी ठावं नसंल. मी येडा ठरलो तर ठरलो. चार दिस हसतील.”

“असं नका ना करू.”

“करू द्या.” तो उठला. “मागणी इथून पुढं कडूबाचा जावई लिहील. आदिनाथ. शिकलेला हाय, पण बोली आपलीच हाय त्येची.” दाराशी जाऊन त्यानं वहाणांत पाय घातले. पाठमोरा असतानाच बोलला, “त्येचं तेवढं जसं येईल तसं ऱ्हाऊ द्या, लेकी.”

जिन्यावरून उतरणारी वहाणांची चपचप बराच वेळ ऐकू येत राहिली. मग रस्त्यावरच्या रिक्षांत मिसळून गेली.

प्रमोदिनीताई फोन ठेवून दाराशी आल्या. “गेला का तो? बिचारा. किती खंगलाय. तू समजावलंस ना त्याला? चुकतं गं माणसाचं.”

“हो,” सत्यशीला म्हणाली.

“मनाला लावून घेऊ नको म्हणावं.”

त्या आत गेल्या. सत्यशीलानं कोरा मेल उघडला. पाठवायचं कुणाला, तिथं रामकिसनचा पत्ता घातला. त्याच्याखाली प्रमोदिनीताईंचा. मग तीन विश्वस्तांचे, एकेक अक्षर तपासत. मजकुराच्या जागी आधी ‘सविनय सादर’ लिहिलं आणि खोडलं. ‘नजरचुकीने’ लिहिलं, तेही खोडलं. खोडता खोडता उरलं ते चार ओळींचं होतं, सोमवारचा गुरुवार कुणी केला ते सांगणारं, आणि त्यात नीटनेटकं असं काही नव्हतं. कुणी हसलं असतं तर हसलं असतं.

तो मेल तिनं पुन्हा वाचला नाही. वाचला असता तर बोटांनी काहीतरी केलंच असतं. तिनं तो पाठवला, हात मांडीवर घेतले आणि बसून राहिली.

आतल्या खोलीत ताईंचा संगणक टिंग करून वाजला. काही वेळ काहीच झालं नाही. मग खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.